जालना व शेजारचे जिल्हे : लोकसंख्या आणि उत्पन्न यांची तुलना कशी करावी

१ मे १९८१ रोजीं जालना जिल्हा अस्तित्वांत आला. जालना, अंबड, भोकरदन व जाफराबाद हे तालुके औरंगाबाद जिल्ह्यांतून आणि परतूर तालुका परभणी जिल्ह्यांतून काढून हा नवा जिल्हा बांधण्यांत आला. त्या दिवशीं कोणाच्याही कणगींत पायलीभर ज्वारी अधिक पडली नाहीं, कीं कोणाच्या विहिरीचें पाणी हातभर वर आलें नाहीं. असें असूनही जुन्या दोन्ही जिल्ह्यांच्या सरासऱ्या त्या एका सहीनें बदलल्या. कमी उत्पन्नाचे तालुके एखाद्या जिल्ह्यांतून वगळले कीं उरलेल्याची सरासरी वर चढते, आणि वगळलेल्यांचा जो नवा जिल्हा होतो तो जन्मतःच मागासलेला ठरतो. माणसें तींच, जमीन तीच. फक्त भागाकार निराळा.

हा भागाकार आमच्या सभासदांनीं नीट समजून घ्यावा एवढ्यासाठीं हा लेख लिहीत आहों. ‘दरडोई उत्पन्नांत आपला जिल्हा इतका मागें कां?’ हा प्रश्न मोंढ्यांत, चावडीवर आणि सोसायटीच्या वार्षिक सभेंत वरचेवर विचारला जातो, व त्याचें उत्तर बहुधा रागानें किंवा अभिमानानें दिलें जातें. प्रश्न केवळ मानापमानाचा असता तर त्यावर शाई खर्च करण्याचें कारण नव्हतें. परंतु सरकारी पैशाची वांटणी अशाच आंकड्यांवरून होत आलेली आहे. प्रा. वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखालील सत्यशोधन समितीनें १९८४ सालीं राज्यांतील प्रादेशिक असमतोलाचा अहवाल दिला. सिंचन, रस्ते, शाळा, दवाखाने, विजेचे पंप अशा बाबतींत प्रत्येक जिल्हा राज्याच्या सरासरीच्या किती खालीं आहे हें मोजून त्या तुटीस समितीनें ‘अनुशेष’ असें नांव दिलें. एकंदर अनुशेष सुमारे ३,१८७ कोटि रुपयांचा निघाला व त्यांत मराठवाड्याचा वांटा सुमारे ७५१ कोटींचा ठरला. पुढें १९९४ सालीं वैधानिक विकास मंडळें स्थापन झालीं. त्यांची मुदत ३० एप्रिल २०२० रोजीं संपली. मंडळें राहोत वा न राहोत, जिल्हा हें माप आणि सरासरी ही फूटपट्टी मात्र कायम आहे. ज्या गांवाची तूट जिल्ह्याच्या सरासरींत झांकली जाते, त्या गांवाची मागणी कागदावर येतच नाहीं.

आतां दरडोई उत्पन्न म्हणजे काय तें पाहूं. राज्याचें अर्थ व सांख्यिकी संचालनालय दरवर्षीं जिल्ह्याजिल्ह्यांत किती मूल्याचें उत्पादन झालें याचा अंदाज काढतें व त्यास जिल्ह्याच्या लोकसंख्येनें भागतें. शेतमालाचें उत्पादन पीक-कापणी प्रयोगांवरून धरलें जातें. मोठ्या कारखान्यांचें त्यांच्या वार्षिक पाहणीवरून. आणि कित्येक बाबतींत राज्याचा एकूण आंकडा घेऊन तो कांहीं प्रमाणांवरून जिल्ह्यांत वांटून दिला जातो. पीक-कापणी प्रयोग आमच्या वाचकांस अपरिचित नाहींत. २०१६ पासून चालू झालेल्या पीकविमा योजनेंत महसूल मंडळाची सरासरी उंबरठ्याखालीं गेली कीं नाहीं हें त्याच प्रयोगांवरून ठरतें, आणि स्वतःचें शेत बुडूनही मंडळाची सरासरी तरल्यामुळें हात हालवीत परत येण्याचा अनुभव पुष्कळांच्या पदरीं आहे. जिल्ह्याच्या उत्पन्नाचा आंकडा हा त्याच जातीचा आहे. फक्त त्याचें शेत अधिक मोठें.

यांत मुख्य गोष्ट ही कीं, हा आंकडा उत्पन्न जेथें *निर्माण* झालें तेथें मोजला जातो. तें कोणाच्या घरीं गेलें हें तो सांगत नाहीं. जालना शहराचेंच उदाहरण घ्या. भंगार वितळवून त्याच्या सळया ओढणाऱ्या पोलादाच्या कारखान्यांमुळें जालन्याचें नांव राज्यभर झालेलें आहे. या कारखान्यांतून निघणारी मूल्यवाढ सबंध जालना जिल्ह्याच्या खात्यांत जमा होते. भट्टीवर काम करणारा मजूर बहुधा परप्रांतांतून आलेला असतो व पगारांतील शिल्लक तो आपल्या गांवीं पाठवितो; नफा मालकाच्या इच्छेस येईल तेथें गुंतविला जातो. मंठ्याच्या कोरडवाहू कापूस-तुरीवाल्याच्या हातीं त्यांतील काय येतें? परंतु भागाकारांत तो भागीदार असतो. समजा, शंभर माणसांच्या गांवांत नव्व्याण्णव जण वर्षास पन्नास हजार मिळवितात आणि एकजण एक कोटि. तर गांवाची सरासरी दीड लक्षाच्या जवळ जाते आणि गांवांतील एकाही माणसाचें उत्पन्न तेवढें नसतें. पोलादाचे कारखाने नसावेत असा याचा अर्थ कोणीं करूं नये. त्यांच्या आंकड्यावरून शेतकऱ्याच्या स्थितीचा अंदाज बांधूं नये, इतकेंच म्हणणें आहे.

बियाण्याचा धंदा याहून शिकविण्यासारखा आहे. श्री. बद्रीनारायण बारवाले यांनीं १९६४ सालीं जालन्यास महिको कंपनी काढली, व त्यानंतर या शहराभोंवतीं बियाण्याचा मोठा व्यवसाय उभा राहिला. बारवाले यांस १९९८ सालीं जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. हा धंदा पोलादासारखा गिरणीच्या भिंतींत कोंडलेला नाहीं. तो शेतकऱ्याच्या बांधापर्यंत जातो. परंतु तो जिल्ह्याची हद्द मानीत नाहीं. जालन्याहून थोड्या अंतरावर देऊळगांव राजा लागतें, तें बुलढाणा जिल्ह्यांत. तेथील व सिंदखेड राजा तालुक्यांतील शेतकरी जाळीघरांत मिरची-टोमॅटोच्या संकरित बियाण्याचे प्लॉट घेतात. त्या शेतांत निपजलेलें उत्पन्न बुलढाण्याच्या हिशेबीं लागतें. त्याच बियाण्याची निवड, प्रक्रिया, बांधणी जालन्यास झाली तर तें मूल्य जालन्याच्या हिशेबीं. एकाच पिशवीचे दोन भाग दोन जिल्ह्यांच्या वह्यांत. पश्चिमेकडे याच्या उलट प्रकार संभवतो. शेंद्र्याची औद्योगिक वसाहत जालना रस्त्यावर, परंतु संभाजीनगर जिल्ह्यांत आहे. बदनापूर तालुक्यांतून एखादा तरुण रोज तेथें कामास जात असेल, तर त्याच्या श्रमाचें मूल्य संभाजीनगरच्या उत्पन्नांत मिळतें आणि त्याचें तोंड मात्र जालन्याच्या लोकसंख्येंत मोजलें जातें. अशा रीतीनें एका जिल्ह्याचा अंश वाढतो व दुसऱ्याचा छेद.

छेदाकडे तर कोणी पाहतच नाहीं. शेवटची पुरी झालेली खानेसुमारी २०११ सालची. २०२१ ची गणना महामारीमुळें राहिली, व १६ जून २०२५ च्या अधिसूचनेनें पुढील गणनेसाठीं १ मार्च २०२७ हा क्षण ठरविण्यांत आला. २०११ पासून आजपर्यंतचीं दरडोई उत्पन्नें अंदाजानें वाढविलेल्या लोकसंख्येनें भागून काढलेलीं आहेत. हा अंदाज पूर्वीच्या वाढीवर बेतलेला असतो. ज्या तालुक्यांतून दुष्काळानंतर घरेंच्या घरें पुण्यास वा वाळूजला जाऊन राहिलीं, तेथें तो अंदाज फसण्याचा संभव अधिक.

मोठी अडचण ऊसतोडीची आहे. बीड जिल्ह्यांतून लक्षावधि, आणि जालना जिल्ह्यांतील मंठा, परतूर, घनसावंगी या भागांतील गांवांवरून व तांड्यांवरूनही बरींच कुटुंबें दिवाळीच्या सुमारास पश्चिम महाराष्ट्र व कर्नाटक यांतील कारखान्यांकडे जातात आणि मार्च-एप्रिलांत परततात. २०११ ची शिरगणति ९ ते २८ फेब्रुवारी या दिवसांत झाली. नियम असा कीं, मनुष्य त्या अवधींत केव्हांही आपल्या नेहमींच्या राहत्या ठिकाणीं असला तर तेथें मोजावा. सबंध अवधींत तेथें नसला तर जेथें सांपडेल तेथें मोजावा. याचा परिणाम उघड आहे. ऐन गाळपाच्या दिवसांत कोपींत राहणारें कुटुंब एक तर कारखान्याच्या तालुक्यांत मोजलें गेलें, अथवा उसाच्या फडांत मोजणाराच न पोंचल्यानें कोठेंच मोजलें न जाण्याचा धोका राहिला. त्याची मजुरीही कारखान्याच्या जिल्ह्यांतच निर्माण झालेली. म्हणजे जें कुटुंब आठ महिने परतुरांत राहतें, तेथील दुकानांतून उधारी करतें, तेथील शाळेंत मुलें घालतें आणि तेथेंच मुकादमाची उचल घेऊन कर्ज फेडतें, तें परतूरच्या अंशांतही नाहीं आणि छेदांतही नाहीं. पुढची गणनाही फेब्रुवारींतच यावयाची आहे. ज्या सोसायट्यांचे सभासद तोडीस जातात, त्यांनीं आपल्या गांवची कोणतीं घरें त्या महिन्यांत बंद असतील याची यादी आतांच करून ठेवावी व ती गणकास दाखवावी.

एवढी सावधगिरी सांगून झाल्यावर आंकड्यांकडे वळूं. उत्तरेस जळगांव जिल्हा लागतो, परंतु मध्यें अजिंठ्याचे डोंगर आहेत व तापीकांठची शेती निराळी; तेव्हां तो बाजूस ठेवून संभाजीनगर, बुलढाणा, परभणी व बीड हे चार शेजारी घेऊं. २०११ च्या गणनेंत जालना जिल्ह्याची लोकसंख्या १९,५९,०४६ भरली, संभाजीनगरची (तेव्हांच्या औरंगाबादची) ३७,०१,२८२, बुलढाण्याची २५,८६,२५८, बीडची २५,८५,०४९, परभणीची १८,३६,०८६. शेंकडा साक्षरता जालन्यांत ७१.५, परभणींत ७३.३, बीडमध्यें ७७, संभाजीनगरांत ७९ आणि बुलढाण्यांत ८३.४. आयुष्य, शिक्षण व उत्पन्न या तीन गोष्टी एकत्र करून जो मानव विकास निर्देशांक काढतात, तो राज्याच्या २०१२ च्या अहवालांत राज्यासाठीं ०.७५२, संभाजीनगरसाठीं ०.७२७, बुलढाण्यासाठीं ०.६८४, परभणीसाठीं ०.६८३, बीडसाठीं ०.६७८ व जालन्यासाठीं ०.६६३ असा दिलेला आहे. चारही शेजारी आपल्या वर आहेत. ज्या शहराविषयीं ‘जालना सोने का पालना’ अशी म्हण निजामशाहींत रूढ झाली, त्याच्याच जिल्ह्याची ही गत!

म्हण खोटी नव्हती. १९०० च्या सुमारास मनमाड-सिकंदराबाद लोहमार्ग झाला, आणि कापसाच्या व्यापारानें जालन्याची पेठ भरभराटली. पाळणा सोन्याचा होता. परंतु त्यांत शहर झोंपलें होतें, जिल्हा नव्हे. या विधानाचा पुरावा २०११ च्या गणनेंतच आहे, आणि आमच्या मतें या सर्व तुलनेंतील तीच सर्वांत महत्त्वाची गोष्ट होय.

जालना जिल्ह्यांतील शेंकडा १९.२७ लोक शहरांत राहतात असें गणना सांगते. बुलढाण्याचें हेंच प्रमाण २१.२२, बीडचें सुमारे १९.९. वरवर पाहतां तिघे सारखेच. पण आतां प्रत्येक जिल्ह्याचें सर्वांत मोठें शहर काढून टाका व उरलेल्यांत शहरी लोक किती आहेत तें पहा. जालना जिल्ह्याची शहरी लोकसंख्या सुमारे ३ लक्ष ७७ हजार होती. त्यांपैकीं एकट्या जालना शहराची सुमारे २ लक्ष ८५ हजार. म्हणजे शहरी माणसांपैकीं चारांत तीन एकाच गांवचीं. जालना वगळतां उरलेल्या पावणेसतरा लक्ष लोकांत शहरांत राहणारे अवघे सुमारे ९२ हजार, म्हणजे शेंकडा साडेपांच! परभणीचें शहर (सुमारे ३ लक्ष ७ हजार) वगळून तोच हिशेब केला तर उरलेल्या परभणी जिल्ह्यांत शहरी लोक शेंकडा १७ भरतात. बीड शहर (सुमारे १ लक्ष ४७ हजार) वगळतां उरलेल्या बीड जिल्ह्यांत शेंकडा १५. अकरा-पावणेबारा लक्षांचें संभाजीनगर शहर बाजूला केलें तरी त्या जिल्ह्याच्या बाकीच्या भागांत शेंकडा साडेसतरा लोक शहरी आहेत. आणि बुलढाण्यांत तर एक लक्षाचें एकही शहर नव्हतें. खामगांव त्याच्या जवळ पोंचलेलें, व मागें मलकापूर, बुलढाणा, शेगांव, चिखली अशीं मध्यम शहरें विखुरलेलीं.

याचा शेतकऱ्याशीं संबंध काय, असें कोणी विचारील. सेलू, मानवत, गंगाखेड, पाथरी, जिंतूर अशीं बाजारपेठेचीं गांवें परभणीच्या शेतकऱ्यास वीस-पंचवीस मैलांत कोठें ना कोठें भेटतात. तेथें सरकीची गिरणी असते, डाळ-मिल असते, ट्रॅक्टर दुरुस्त करणारा असतो, मुलीस पुढें शिकवावयाचें तर महाविद्यालय असतें, आणि शेतीचें काम नसलेल्या चार महिन्यांत मजुरी असते. घनसावंगीच्या किंवा जाफराबादच्या कुटुंबास हें सर्व पाहिजे असेल तर जालना, नाहीं तर सरळ पुणें. मध्यें पायरीच नाहीं. शेतीबाहेरचें थोडें उत्पन्न घरांत आणणें हा कोरडवाहू शेतकऱ्यास दुष्काळांत तगण्याचा पहिला आधार. आणि तो आधार त्यास घर न सोडतां मिळावयाचा तर जवळ लहान शहर लागतें. जिल्ह्याचा विकास म्हणून जालना शहराची औद्योगिक वसाहत वाढविण्याची मागणी दरवर्षीं होते. ती गैर नाहीं. परंतु आमच्या समजुतीप्रमाणें जिल्ह्याची खरी उणीव जालना लहान असण्याची नसून अंबड, परतूर, भोकरदन, मंठा हीं लहान राहण्याची आहे.

येथें एक सावधगिरीची सूचना द्यावीशी वाटते. २०११ सालीं जिल्ह्यांत जालना, अंबड, परतूर व भोकरदन एवढ्याच नगरपरिषदा होत्या. पुढें बदनापूर, घनसावंगी, मंठा, जाफराबाद व तीर्थपुरी येथें नगरपंचायती झाल्या, आणि २०२३ सालीं जालन्याची महानगरपालिका झाली. येत्या गणनेंत हीं गांवें शहरांत धरलीं जातील व शहरी लोकसंख्येचें प्रमाण एकदम उडी घेईल. त्यावरून जिल्ह्यांत शहरें वाढलीं असें कोणी सांगूं लागला तर त्यास १९८१ च्या सहीची आठवण द्यावी. ग्रामपंचायतीची पाटी उतरून नगरपंचायतीची लागल्यानें डाळ-मिल येत नाहीं.

बुलढाण्याच्या साक्षरतेविषयींही थोडें लिहिलें पाहिजे. जाफराबाद तालुका आणि पलीकडचे चिखली व देऊळगांव राजा हे तालुके यांची जमीन, पाऊस, पिकें, सोयरिकी यांत फारसा भेद नाहीं. पूर्णेच्या खोऱ्यांत दोन्हीकडे तोच कापूस, तेंच सोयाबीन. तरीही बुलढाण्याची साक्षरता राज्याच्या सरासरीहून (८२.३) अधिक आणि जालन्याची तिच्यापेक्षां जवळजवळ अकरा टक्क्यांनीं कमी. याचें मोठें कारण इतिहासांत आहे. वऱ्हाड १८५३ पासून इंग्रजांच्या कारभारांत गेला. मराठी शाळा तेथें लौकर सुरू झाल्या. जालना सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यांत राहिला, व तेथें वरच्या शिक्षणाची भाषा उर्दू होती. शिवेच्या अलीकडच्या खेड्यांतील मुलास शाळा मिळाली तीही परक्या भाषेची. आजोबा शाळेंत गेले नाहींत याचा परिणाम नातवापर्यंत पोंचतो तो असा. या तुलनेपासून घेण्याचा बोध इतकाच कीं, जमीन व पाऊस सारखे असूनही जी तूट दिसते ती निसर्गानें केलेली नव्हे. ती भरून काढतां येते.

म्हणून आमचें म्हणणें असें कीं, जिल्ह्याची तुलना जिल्ह्याशीं करण्यापेक्षां शिवेवरच्या तालुक्याची तुलना शिवेपलीकडच्या तालुक्याशीं करावी. भोकरदनची सिल्लोडशीं, जाफराबादची चिखलीशीं, मंठ्याची लोणार व जिंतूरशीं, परतूरची सेलूशीं, घनसावंगीची गोदावरीपलीकडील गेवराई-माजलगांवशीं, अंबडची पैठणशीं, बदनापूरची फुलंब्रीशीं. अशा जोड्यांत पाऊस व माती बहुतांशीं सारखी राहते, आणि जो फरक उरतो तो रस्त्याचा, पाण्याचा, बाजाराचा किंवा शाळेचा असतो. तो दाखवितां येतो व मागतां येतो. संभाजीनगरच्या कारखान्यांशीं मंठ्याची तुलना करून हळहळण्यांत कांहीं निष्पन्न होत नाहीं.

खुद्द जालना जिल्हाही एकजिनसी नाहीं. पाऊस सरासरीनें ६५० ते ७५० मिलिमीटर, तोही बेभरंवशाचा. दक्षिणेकडे अंबड, घनसावंगी व परतूर या तालुक्यांतून जायकवाडीचा डावा कालवा जातो. तेथें ऊस आहे आणि कारखानाही आहे. उत्तरेस भोकरदन-जाफराबादला कालवा नाहीं. तेथें मका, सोयाबीन, मिरची, व विहिरींवर सर्व भिस्त. कालव्याच्या शेपटाकडील शेतकऱ्यास पाणी पोंचतें कीं नाहीं हा आणखी निराळा प्रश्न. आठ तालुक्यांची एक सरासरी काढली कीं उसाचा पैसा भोकरदनच्याही नांवावर पडतो.

आणि सरासरी एका वर्षाची असते हेंही ध्यानांत ठेवलें पाहिजे. २०१२ सालीं पाऊस फार कमी झाला व १२-१३ चा उन्हाळा जालना जिल्ह्यास अतिशय जड गेला. जालन्याची मोसंबी आज भौगोलिक मानांकन मिळालेली आहे. त्या वर्षीं तिच्या बागा टँकरनें पाणी घालून जगविण्याची शिकस्त शेतकऱ्यांनीं केली, व पुष्कळांनीं शेवटीं वाळलेल्या झाडांना कुऱ्हाड लावली. आतां उत्पन्नाच्या हिशेबांत या आपत्तीची नोंद कशी होते तें पहा. त्या सालीं फळ आलें नाहीं, तेवढें उत्पन्न घटलेलें दिसतें. परंतु लावल्यापासून चार-पांच वर्षें पोसून फळावर आलेलें झाड गेलें, हें भांडवल बुडालें, त्याची नोंद उत्पन्नांत नाहीं. इतकेंच नव्हे, तर तोडलेलें लांकूड जळणास विकलें तर त्याचे पैसे त्या वर्षाच्या उत्पन्नांत *मिळवलेच* जातात. घर विकून दिवाळी करणाऱ्याची दिवाळी मोठी दिसावी तसें हें आहे. पुढच्या वर्षीं पाऊस झाला, कापूस बरा आला, कीं जिल्ह्याचा आंकडा सावरतो. बागवाला मात्र नवी कलमें लावून फळाची वाट पाहत बसलेला असतो, आणि तीं लावण्यासाठीं काढलेलें कर्ज कोणत्याच सरासरींत दिसत नाहीं.

मग सोसायट्यांनीं कोणते आंकडे जमवावे? दरडोई उत्पन्न तालुक्यानिहाय निघत नाहीं, पण त्याची उणीव भरून काढणाऱ्या नोंदी गांवांतच आहेत. जिल्हा सांख्यिकी कार्यालय दरवर्षीं ‘सामाजिक व आर्थिक समालोचन’ छापतें. त्यांत तालुकावार क्षेत्र, सिंचन, जनावरें, शाळा, बँका हे आंकडे मिळतात. त्यांच्या जोडीस सोसायटीनें आपल्या दप्तरांतून काढावयाच्या गोष्टी अशा : सभासदांपैकीं किती घरांत शेतीबाहेरचें बारमाही उत्पन्न आहे, किती घरें वर्षांतून चार महिन्यांहून अधिक बंद असतात, गांवांतील माल कोणत्या मोंढ्यावर जातो व तेथपर्यंत भाडें किती पडतें, मागील दहा वर्षांत किती बागा लावल्या व किती तोडल्या, दहावीनंतर मुली शिकावयास कोठें जातात. पांचच प्रश्न, पण हेच पलीकडच्या तालुक्यांतील एखाद्या सोसायटीस विचारले तर जिल्ह्याच्या सरासरीपेक्षां अधिक कांहीं हातीं लागेल.

तिसऱ्या प्रश्नावर विशेष भर देण्याचें कारण आहे. मराठवाड्यांतील रेशीम उत्पादक शेतकरी पूर्वीं आपले कोष कर्नाटकांत रामनगरच्या बाजारांत नेऊन विकीत. रात्रंदिवस प्रवास, मालाची घट, आणि भाव पडला तरी परत आणण्याची सोय नाहीं. २०१८ सालीं जालना बाजारसमितीच्या आवारांत कोषांचा बाजार सुरू झाला. तुतीच्या शेताची माती तीच राहिली, पाऊसही तोच. पण विकण्याची जागा हातीं आली, आणि जालन्याचेच नव्हे तर बीड, परभणी व बुलढाण्याचेही शेतकरी तेथें कोष आणूं लागले. मोसंबीची प्रतवारी आणि साठवण अंबडला, मिरची वाळविण्याची व दळण्याची सोय भोकरदनला, डाळीची गिरणी मंठ्याला, असें एकएक पाऊल मागावयाचें तर त्या त्या तालुक्यांतून दरवर्षीं किती माल बाहेर जातो आणि त्याचें भाडें कोण देतो, हा हिशेब आधीं हातांत पाहिजे. समृद्धि महामार्ग ५ जून २०२५ पासून नागपूरपासून मुंबईच्या बाजूपर्यंत पुरा खुला झाला व तो आपल्या जिल्ह्यांतून जातो. परंतु त्यावर कोठूनही चढतां येत नाहीं, ठराविक ठिकाणींच येतें. त्या ठिकाणापर्यंत मंठ्याच्या डाळीस किंवा भोकरदनच्या मिरचीस किती मैल व किती रुपये लागतात, हा आंकडा जिल्ह्याच्या कोणत्याही अहवालांत छापलेला मिळणार नाहीं; तो आपल्या गाडीवानाला आणि टेंपोवाल्याला विचारूनच लिहून घ्यावा लागेल.